सुईचं कार्ड

पोशीर गावातले आमच्या शेजारचे काका विमानांची होकायंत्रं तपासायच्या नोकरीतून निवृत्त झाले. कुणी गाडीला टेकून मोबाईलवर दिशा बघितली, तरी "आधी लांब हो रं!" म्हणून ओरडतात. मला तो त्यांचा चक्रमपणा वाटायचा.

परवा वास्तुवाल्यानं आमच्या लोखंडी सेफ्टी डोअरला होकायंत्र टेकवलं आणि दार आग्नेयेला आहे, फोडा, म्हणाला. आईनं लगेच गवंडी बोलावला.

घणाचा पहिला आवाज ऐकून काका तरातरा आले. वास्तुवाल्याच्या हातातलं होकायंत्र घेऊन ते अंगणाच्या मधोमध उभे राहिले. सुई सरकली. दार सरळ पूर्वेला होतं.

"लोखंड सुईला ओढतं, एवढं कळत नाय? इमानात पण लोखंड असतंय. म्हणून आमी अख्खं इमान गोल फिरवायचो. कुठल्या दिशेला सुई किती चुकते, ते कार्डावर लिवून पायलटसमोर लावायचो. तुमचं कार्ड कुठं हाय?"

काका माझ्याकडे वळले.

"आन् तू रं? पोरांना शाळेत इज्ञान शिकवतोस ना? तू इथंच उभा व्हतास."