अर्धं वाक्य व्हरांड्यात

“ऊठ! बाहेर हो! व्हरांड्यात जा!” इंग्रजीचे सर ओरडले आणि तिकडे रामकुंडावर कित्येकांची बुडी अर्धवट राहिली, असं म्हणतात. कमल मुकाट्याने बाहेर गेली.

तिचा थोरला भाऊ पंडित पिंपळगावचे कांदे उतरवून तिला न्यायला आला होता. बहिणीला हाकललं असं वाटून तो टेंपोतून उतरला तो बाह्या सरसावतच. “ओ मास्तर! लय झालं! काय केलं हिनं?”

“दोन वाक्यं एका स्वल्पविरामावर टांगली. त्या एवढ्याशा काडीला पेलतात का? ये, तू पहिलं वाक्य घे.”

आमच्या वसाहतीच्या विहारात दर रविवारी सकाळी भरणारा हा दहावी नापासांचा वर्ग. आमचं इंग्रजी विनाथांबा एसटीसारखं सायखेड्याला सुटलं की थेट नाशकातच थांबायचं. सर अशा वाक्याचे दोन तुकडे करत. एक तुकडा म्हणणारा वर्गात, दुसरा व्हरांड्यात. दोघांचंही एकट्याने भागलं, तर मध्ये पूर्णविराम किंवा जोडायला नीट शब्द. बाहेरच्याचा तुकडा अर्धाच निघाला, तर सर कळवळून म्हणत, “आत घ्या रे त्याला. त्याला बाहेर कुणी नाही.”

पंडितने सरांच्या मागोमाग वर्गात गर्जना केली, “आय वेटेड ॲट द स्टँड!” व्हरांड्यातून कमल म्हणाली, “द टेंपो वॉज लेट.”

अर्थ कळताच पंडित भडकला. “मी कधी लेट केला गं?”

सर इतके हसले की विहाराची दोन कौलं सरकली.

कमलला नर्स व्हायचं होतं. इंग्रजीत ती दोनदा गेली होती. पंडितने भांडून वडिलांकडून आणखी एक संधी मिळवली होती. तीही गेली, तर लग्न ठरलेलंच. परीक्षेच्या तोंडावर ती रडायला लागली, तेव्हा सर म्हणाले, “तुला इंग्रजी येतं गं. थांबता येत नाही.” मग साठीचे, दम्याचे सर तिची वाक्यं म्हणत स्वतःच आतबाहेर करू लागले. उंबरा वीतभर झिजला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कमल पास झाली. पंडितने कांद्याची गोणी सरांच्या दारात टाकली आणि पाया पडला.

सरांनी त्याला खांद्याला धरून उठवलं आणि खांदा सोडलाच नाही. “पंडित, आता तू बस दहावीला. मी शिकवतो.”

पंडितने गमछ्याने तोंड पुसलं.

“मंग टेंपो कोण चालवंल?”