दुसरी खेप

पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचं कौतुक माझ्यासमोर कुणी करू नये. पडलेल्या वैमानिकांना उचलून न्यायला लष्कराने ती ठेवली होती म्हणे. मी एकच पाहिलं आणि तेवढं मला जन्माचं पुरलं.

महायुद्ध चालू होतं. पनवेलच्या खाडीत ऐन ओहोटीला एक गोरा वैमानिक विमानासकट कोसळला आणि कमरेपर्यंत चिखलात रुतला. माझा नवरा फळीवर एक गुडघा टेकून, दुसऱ्या पायाने चिखल रेटत त्याच्याकडे गेला. चिखलातली मासळी धरायला आमचे लोक तसेच जातात. साहेबाला फळीवर घालून त्याने बांधावर आणलं, पण विमानाच्या फाटक्या पत्र्याने माझ्या नवऱ्याची मांडी चिरली होती. मी लुगड्याचा पदर फाडून बांधला. रक्त थांबेना. धाकटा दीर बैल घेऊन आला.

तोवर भरती चढली होती. ते दुसरं विमान आलं आणि आमची जाळी फाडत पाण्यावर बसलं. रबराच्या होडीतून दोघे बांधाला लागले. त्यांच्याकडे औषधांची पेटी होती. आम्ही माझ्या नवऱ्याला साहेबाशेजारी होडीत निजवलं. त्यांनी त्याला उचलून परत बांधावर ठेवलं, साहेबाला नेलं आणि उडाले. पेटी उघडलीसुद्धा नाही मेल्यांनी!

"वैनी, गाडी जुपतो. पनवेलला डॉक्टरकडं नेऊ," दीर म्हणाला.

"नाय भावोजी, सोडा बैल. त्यांना जागा नव्हती. दुसऱ्या खेपेला येतील."

आमच्याकडे होडी भरली की उरलेल्याला बांधावर ठेवतात आणि त्याच भरतीत परत येऊन नेतात. तसं ठेवलेल्या माणसाला टाकून कुणी गेल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. शिवाय विमानाला मुंबई कितीशी लांब!

"आलं काय?" नवऱ्याने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी "येतंय" म्हणाले. पाणी उतरायला लागलं तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. गाडी पनवेलच्या वेशीवर पोचली आणि माझ्या हातातला त्याचा हात गार पडला.

त्या गोऱ्यांना मी आजही शिव्या घालते, आणि घालत राहीन. पण बैल सोडायला मी सांगितलं होतं. दिराने मरेपर्यंत ते कुणाला कळू दिलं नाही, सासूबाईंनासुद्धा.