ईस्टबोर्नला, लंबूभाऊंचा शेवटचा सामना बघायला

"बाबा, लंबूभाऊ रिटायर होते," इराने फोनवरून मान वर न काढता जाहीर केलं. आमची लेक चौदा वर्षांची, जन्म इथलाच, इंग्लंडमधला. तिच्या मराठीत कोण होतो आणि कोण होते याचा हिशेब कधीच लागत नाही. पण बातमी कळली.

श्रीरंग, म्हणजे माझा नवरा, बेसिनपाशी चहाचा कप विसळत होता. "बरं केलं त्यानं," एवढंच म्हणाला आणि तोच कप पुन्हा विसळायला लागला.

लंबूभाऊ म्हणजे एक अमेरिकन टेनिसपटू. त्याचं खरं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही, म्हणून इथेही लिहीत नाही. दाराच्या चौकटीखालून वाकून जावं लागेल असा उंच. सर्व्हिस अशी की समोरचा रॅकेट हलवेपर्यंत चेंडू मागच्या पडद्यावर. मोठी स्पर्धा मात्र त्याने एकही जिंकली नाही. एकदा विंबल्डनच्या उपांत्य फेरीत विजयापासून एका गुणावर होता, आणि तिथे त्याने दोन्ही सर्व्हिस चुकवून डबल फॉल्ट केला, मग सामनाही गेला. त्या संध्याकाळी श्रीरंगने टीव्ही बंद केला, बागेत जाऊन न वाढलेलं गवत कापलं आणि आठवडाभर टेनिसचं नाव काढलं नाही.

आता बातमी अशी होती की खांद्याच्या ऑपरेशननंतर त्याचा गुडघाही पाच सेट टिकत नाही, म्हणून यंदा विंबल्डन नाही. त्याच्या आधीच्या आठवड्यात ईस्टबोर्नला गवतावर जी स्पर्धा होते, ती शेवटची.

"आपण जाऊ या," मी म्हटलं.

"टीव्हीवर दिसते ना."

"मी आणि इरा जातोय. तू घरी बस."

मला लंडनभोवतीच्या एम-ट्वेंटीफाइव्ह हायवेवर गाडी चालवायची भीती वाटते हे त्याला माहीत आहे. तो निमूट आला.

खरी अडचण गाडीची नव्हती. श्रीरंग स्वतः सव्वासहा फूट, नागपूर विद्यापीठाकडून खेळलेला. लंडनच्या उपनगरात, हॅरोला घर घेतल्यापासून दर रविवारी तो पार्कातल्या कौन्सिलच्या कोर्टवर शिकवायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या खांद्याचा स्नायू फाटला, ऑपरेशन झालं. मी स्वतः डॉक्टर आहे, त्यामुळे सांगू शकते की ऑपरेशन चांगलं झालं होतं. पण तो कोर्टवर परत गेला नाही. "नाही जमत," म्हणायचा आणि विषय संपवायचा.

सोमवारी इराच्या शाळेला इन्सेट डे होता, म्हणजे शिक्षकांचं प्रशिक्षण आणि मुलांना सुट्टी. लंबूभाऊंचा सामना नेमका कधी ते ठरलं नव्हतं, तरी मी अंदाजाने सोमवारची तीन तिकिटं काढून टाकली. शनिवारी वेळापत्रक आलं. सोमवार, दुपारचा दुसरा सामना. मी देवाला साखर ठेवली.

रविवारी सकाळी सातला निघालो. तुम्ही जाणार असाल तर तुम्हीही सातलाच निघा. नंतर एम-ट्वेंटीफाइव्हचं पार्किंग लॉट होतं. तिथून एम-ट्वेंटीथ्री, मग ए-ट्वेंटीथ्रीने ब्रायटनच्या अलीकडपर्यंत आणि पुढे लुईसवरून ए-ट्वेंटीसेव्हन. आम्हाला अडीच तास लागले. सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे हायवेवरच्या थांब्यावर, फक्त कॉफी घेतली. खायला तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं गोड लोणचं होतं. लुईस सोडल्यावर डाव्या-उजव्या हाताला मऊ हिरव्या टेकड्या लागतात आणि त्यांच्यावर मेंढ्या अशा विखुरलेल्या की इराला वाटलं कुणीतरी पॉपकॉर्न सांडलेत.

गाडीत मी मुद्दाम स्लाऊचा विषय काढला. आम्ही या देशात आलो तेव्हा मला स्लाऊजवळच्या एका हॉस्पिटलमध्ये नोकरी होती आणि श्रीरंग डिपेंडंट व्हिसावर. सिव्हिल इंजिनिअर, नागपुरात पूल बांधणारा माणूस, इथे चौदा महिने बिननोकरीचा. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये एक खोली, सहा जणांत एक स्वयंपाकघर.

त्या पहिल्या उन्हाळ्यातली एक संध्याकाळ मी सतरा वर्षं जपून ठेवली आहे. माझी ड्यूटी लवकर सुटली, आम्ही ट्रेन बदलत बदलत विंबल्डनला गेलो. संध्याकाळी पाचनंतर नुसतं आत शिरायचं तिकीट स्वस्तात मिळतं, ते घेतलं. मोठ्या कोर्टावर जागा नव्हती म्हणून कोपऱ्यातल्या एका कोर्टाशी जाऊन बसलो. तिथे एक अनोळखी, काटकुळा अमेरिकन पोरगा खेळत होता. "अरे, काय मारून राहिला हा!" श्रीरंग उठून उभाच राहिला. मागच्या बाईंनी त्याला सौम्यपणे बसायला सांगितलं. लंबूभाऊंशी आमची ओळख झाली ती अशी. तो पाच सेटमध्ये हरला, आम्ही एका द्रोणातल्या स्ट्रॉबेऱ्या दोघांत खाल्ल्या आणि शेवटच्या ट्रेनने घरी आलो.

दुसऱ्या दिवसापासून श्रीरंग जुने चेंडू गोळा करून पार्कातल्या रिकाम्या कोर्टवर एकटाच सर्व्हिस मारायला लागला. बघणारे थांबायला लागले, मग शिकायला यायला लागले. त्यांच्यातल्याच एकाच्या ओळखीने पुढे नोकरी लागली. माझ्या लेखी आमची इंग्लंडमधली गोष्ट त्या संध्याकाळी सुरू झाली.

"आठवतं तुला?" मी विचारलं.

"हो," तो म्हणाला आणि इंडिकेटर देऊन लेन बदलली.

ईस्टबोर्न हे निवृत्त लोकांचं, जरा जुन्या वळणाचं गाव आहे. समुद्रावर पांढरी हॉटेलं, पाण्यात लांबवर शिरलेला पिअर, बँडस्टँड. आम्ही मागच्या गल्लीतल्या एका बेड अँड ब्रेकफास्टमध्ये उतरलो. समुद्र दिसत नाही, पण भाडं निम्मं आणि चालत पाच मिनिटं. गाडीही आतल्या रस्त्यावर लावा, किनाऱ्यालगत पार्किंग महाग आहे. बीचवर वाळू नाही, गोटे आहेत. चप्पल घालून गेलात तर माझ्यासारखे पाय धराल.

दुपारी बीची हेडला गेलो. खडूसारखे पांढरे कडे, खाली लालपांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह. कड्याच्या टोकाशी कुंपण नाही, आणि वारा असा की माझी ओढणी फ्रान्सलाच निघाली होती. इरा फोटो काढत होती. श्रीरंग बराच मागे, गवतात बसला होता.

"बाबा, ये ना! इथून खूप छान दिसतो!"

"इथूनही दिसते," तो म्हणाला.

सोमवारी सकाळी दहालाच मैदानात शिरलो. ही माझी सगळ्यात महत्त्वाची सूचना: सामना दुपारी असला तरी सकाळी जा. सरावाच्या कोर्टांना नुसती कंबरेएवढी जाळी असते आणि टीव्हीवर दिसणारी माणसं तुमच्यापासून चार हातांवर घाम पुसत असतात. आमचा पुऱ्यांचा उरलेला डबाही दारावरच्या माणसांनी आत नेऊ दिला.

आणि तिथे तो होता. दाढीत पांढरे केस, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. एकेक चेंडू उचलून सर्व्हिस मारत होता. मला काही वेगळं वाटलं नाही. पण श्रीरंग जाळीला टेकून बघत होता आणि त्याचा उजवा हात आपोआप पोटापाशी हलत होता.

"टॉस खाली आणला त्यानं, चेंडू कमी उंच फेकून राहिला," तो पुटपुटला. "आणि जोर काढला. कट मारून राहिला. पहिलेची सर्व्हिस नाही ही."

"म्हणजे वाईट?"

"नाही गं. खांदा वाचवून सगळी नवी बसवली. या वयात." मग थोड्या वेळाने, "केवढे दिवस लागले असतील."

सराव संपल्यावर तो जाळीशी आला आणि लोकांच्या टोप्यांवर सह्या करायला लागला. इराने आपली टोपी पुढे केली आणि आम्ही काही म्हणायच्या आत इंग्रजीत सांगून टाकलं, "माझ्या बाबांचीपण सर्व्हिस मोठी होती. त्यांच्यापण खांद्याचं ऑपरेशन झालंय."

श्रीरंगचे कान लाल झाले. लंबूभाऊंनी सही करता करता वाकून त्याच्याकडे पाहिलं. "उजवा?"

"हो."

"किती दिवस झाले?"

"दोन वर्षं."

"मग सर्व्हिस सुरू केली का?" त्याने असं विचारलं, जसं फिजिओच्या रांगेत बसलेला शेजारी विचारतो.

"अजून नाही," श्रीरंग म्हणाला.

तो मान हलवून पुढच्या टोपीकडे वळला. एवढंच बोलणं झालं. पण मी तिथेच थबकले. दोन वर्षं मी हाच प्रश्न विचारत होते आणि दर वेळी उत्तर "नाही" असं यायचं. "अजून" हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

सामना तीन सेटचा होता. समोर एक विशीतला इटालियन, सशासारखा पळणारा. लंबूभाऊंनी पहिला सेट घेतला, दुसरा गेला. समुद्रावरून वारा सुटला होता, टॉस हलत होता, वरून सीगल्स ओरडत होते. तिसऱ्या सेटमध्ये टायब्रेक लागला. आमच्या पुढच्या रांगेतले पनामा टोपीवाले आजोबा प्रत्येक गुणाला "कम ऑन, ओल्ड बॉय" असं इतकं हळू म्हणत होते की ते फक्त आम्हालाच ऐकू येत होतं. दोन मॅच पॉइंट लंबूभाऊंनी वाचवले, एक तर सर्व्हिस थेट आत मारून. तिसऱ्याला चेंडू नेटच्या पट्टीला लागला आणि त्याच्याच बाजूला पडला.

तो क्षणभर चेंडूकडे बघत उभा राहिला. मग हसला, नेटपाशी जाऊन त्या पोराला वाकून मिठी मारली. सगळे उभे राहिले. श्रीरंग टाळ्या वाजवत होता. लोक बसले तरी हा उभाच. या वेळी त्याला बसायला कुणी सांगितलं नाही.

संध्याकाळी गोट्यांवर बसून आम्ही फिश अँड चिप्स खाल्ले. एका सीगलने इराच्या हातातून झडप घालून पाकीटच पळवलं. "माझी चिप्स!" म्हणून ती त्याच्यामागे धावत गेली आणि मग दुसरं पाकीट आणायला पिअरकडे निघाली. आम्ही दोघंच उरलो.

"मेघना, तुला एक सांगायचं राहिलं," श्रीरंग म्हणाला. "विंबल्डनला गेलो होतो ना आपण तेव्हा, मी परतीचं तिकीट काढलं होतं."

"कुठलं?"

"नागपूरचं. एकट्याचं. दादाला फोन करून काढायला लावलं होतं. पुढच्या आठवड्याचं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी चिप्सचं पाकीट खाली ठेवलं. "मला न सांगता?"

"तुझी परीक्षा होती. झाल्यावर सांगणार होतो. खरं तर चिठ्ठी ठेवणार होतो." तो हातातला गोटा चोळत होता. "सकाळी तू गेलीस की मी खोलीतून निघायचोच नाही. स्वयंपाकघरात कुणी विचारलं की काय करता, तर काय सांगू? तू थकून यायचीस. तुला काय सांगू?"

"आणि मग?"

"मग तो पोरगा. दोन सेट हरून बसलेला. पळापळ नाही, घाई नाही. टॉवेल घेतला, चेंडू चार वेळा आपटला, पुन्हा मारला. मला वाटलं, हा हरणार हे याला माहीत आहे, तरी पुढचा चेंडू नीटच मारून राहिला."

"पण हरला ना तो."

"हरलाच. जिंकला असता तर मी टाळ्या वाजवून विसरलो असतो. तिसऱ्या दिवशी दादाला सांगितलं, तिकीट रद्द कर."

मला राग आला, आणि तो खरा होता. मी त्याच्यापासून थोडी लांब सरकूनही बसले. ज्या संध्याकाळी मी सुखाने स्ट्रॉबेऱ्या खात होते, त्याच संध्याकाळी शेजारचा माणूस मनाने अर्धा निघून गेला होता, आणि मला पत्ता नव्हता. मग रागाच्या खालून दुसरंच काही वर आलं. मला पत्ता का नव्हता?

इरा नवं पाकीट घेऊन आली. आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघून म्हणाली, "तुम्ही रडते का? तो फक्त एक मॅच हरला!"

आम्ही दोघंही हसलो. साडेसातला निघालो, हॅरोला पोहोचलो तेव्हाही आकाशात थोडा उजेड होता.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. ईस्टबोर्नला जाच, असं मी सगळ्यांना सांगते. कडे बघा, गवतावरचं टेनिस अगदी जवळून बघा, चिप्स सांभाळा. श्रीरंग शनिवारी सकाळी इराला घेऊन कोर्टवर जातो. टॉस खालचा, जोर कमी, निम्मे चेंडू नेटमध्ये. खांदा दुखला की थांबतो, बर्फ लावतो, पुढच्या शनिवारी पुन्हा जातो.

माझ्यापाशी राहिलं ते टेनिस नाही. ती संध्याकाळ माझ्याकडे होती तशी आता नाही. पण तिच्या अलीकडचे आणि पलीकडचे चौदा महिने तो थोडे थोडे सांगतो. कधी भाजी चिरताना, कधी गाडीत. त्या वर्षी मी दमून खोलीवर यायचे, पर्स टाकायचे आणि विचारायचे, "जेवलास का?" तो "हो" म्हणायचा आणि मी झोपून जायचे.

आता घरी आले की विचारते, "आज दिवसभर काय केलंस?" आणि उत्तर येईपर्यंत उभी राहते.