काकूंची गरम सीट

गल्लीतल्या लिफ्टवाल्या काकांपुढे तक्रार करायची सोय नव्हती. तक्रार ऐकली की ते सहानुभूती दाखवत नसत, पाना शोधायला लागत. सगळी नोकरी बंद पडलेल्या लिफ्ट चालू करण्यात गेली. त्यामुळे माणूस म्हणजे आत कुठेतरी अडकलेला जीव, बाहेरून काहीतरी फिरवलं की सुटतो, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. शेजारीण एकदा सहज म्हणाली, "मेलं दार किती कुरकुरतं," तर ती पाणी पिऊन येईपर्यंत दार बिजागऱ्यांवरून उतरून भिंतीला टेकलं होतं.

हे सगळं ठाऊक असूनही त्यांच्या बायकोच्या, म्हणजे गल्लीच्या काकूंच्या, तोंडून एक तक्रार निघून गेली.

निवृत्त झाल्यावर लिफ्टवाल्यांनी एका दातांच्या डॉक्टरची उघड्या टपाची जुनी गाडी घेतली होती. दोनच सीट, आणि मागे दुमडणारं कापडी छप्पर. रविवारी सकाळी काकूंना शेजारी बसवून ते गावाबाहेरच्या रस्त्याला लागत. गल्लीतल्या बायकांना हेवा वाटे. पण त्या फेरीत काकूंना बोलायची बंदी होती. म्हणजे तसं कुणी म्हटलं नव्हतं. पण काकूंनी "काल धाकट्या वन्संचा फोन आला होता" एवढं म्हणावं, की लिफ्टवाल्यांचा तळहात वर. "थांब जरा. इंजिन ऐकू दे." इंजिन काय सांगायचं ते त्यांचं त्यांना ठाऊक, वन्संचं राहूनच जाई. घरी आल्यावर लिफ्टवाले बॉनेटमध्ये डोकं घालत आणि काकूंची गोष्ट शिळी होई.

शेवटी एका रविवारी काकू दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी नाही येत. थंडी वाजते त्या गाडीत. कंबर धरते."

लिफ्टवाल्यांनी वळून गाडीतल्या त्यांच्या सीटकडे पाहिलं. मग त्यांचे डोळे चमकले. संध्याकाळपर्यंत काकूंची सीट बोल्ट काढून बैठकीच्या खोलीत आली होती.

लेक भेटायला आली, तर बाप जमिनीवर मांडी घालून सीटच्या पोटात हात घालून बसलेला. ती आईमागे स्वयंपाकघरात गेली.

"आई, तुला थंडी? ऐन थंडीत खिडकी उघडी टाकून झोपणारी बाई तू."

"हळू बोल, ऐकतील."

"मग खरं सांगून टाक की."

"काय सांगू? तुमचं इंजिन म्हणजे माझी सवत आहे म्हणून?"

"अगदी असंच सांग."

"त्यांचा चेहरा बघितलास का? लग्नात नव्हता इतका खुलला."

बाहेर पक्कड वाजत होती. सीटचं कातडं फोमला बारीक तारेच्या रिंगांनी आवळलेलं होतं. लिफ्टवाल्यांनी एकेक रिंग तोडली आणि ओला मोजा पायातून काढावा तसं कातडं हळूहळू सोललं. जुन्या शिवणीपाशी तर श्वास रोखून. आता फोमवर रुमालासारखी पातळ, गरम होणारी दोन पॅड चिकटवायची होती. एक बुडाखाली, एक पाठीला. चिकटवताना पॅड दुमडलं तर नेमकं तिथेच जळतं, हे त्यांनी लेकीला दोनदा ऐकवलं.

"अगं, जरा इकडे ये. कंबर नक्की कुठे धरते?"

काकू उघड्या फोमवर टेकल्या. लिफ्टवाल्यांनी खडू घेतला. "इथे?"

"जरा वर."

"इथे?"

"हो, तिथेच," काकूंनी न धरणाऱ्या कंबरेतली एक बरी जागा निवडून सांगितलं. लेक खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळाली.

सीट गाडीत परत बसली. किल्ली फिरवल्याशिवाय करंट जाऊ नये अशी वायर ओढून झाली. बटणासाठी डॅशबोर्डला भोक तेवढं राहिलं. ड्रिल हातात धरून लिफ्टवाल्यांनी काकूंना बोलावलं.

"इथे पाडू की इथे? एकदा पाडलं की बुजत नाही, सांगून ठेवतो."

सांगायचं तर आत्ताच, काकूंना वाटलं. त्यांनी तोंड उघडलं आणि भलतंच निघालं. "तुमच्या सीटला नाही बसवणार?"

"मला कुठे थंडी वाजते? तुझ्यापुरतंच सामान आणलंय."

काकूंनी मुकाट्याने जागा दाखवली.

रविवारी छप्पर दुमडून दोघं निघाले. वारा कानाला झोंबत होता आणि पाठीला छान ऊब येत होती. खोटं कशाला बोला, सुख वाटत होतं.

"तापली?"

"तापली."

"कंबर?"

"बरी आहे." काकूंना धीर आला. "अहो, त्या धाकट्या वन्सं..."

तळहात वर गेला. "थांब जरा. या बटणाने इंजिनावर भार येतो का, ऐकू दे."

"गाडी थांबवा."

लिफ्टवाल्यांनी घाईने गाडी कडेला घेतली. "फार तापली का?"

"मला थंडी कधी वाजतच नव्हती."

"मग कंबर?"

"कंबरही नाही."

"मी खडूने खूण केली ती?"

"तिथे काहीच नाही."

लिफ्टवाल्यांनी डॅशबोर्डच्या भोकात बसवलेल्या बटणावर बोट ठेवलं. "मग येत का नव्हतीस?"

"गप्प बसायला इतक्या लांब कशाला यायचं? ते मी घरी फुकट बसते. तुमचे कान इंजिनाला, आणि मला तुमचा तळहात."

लिफ्टवाल्यांचा हात दाराच्या खणातल्या स्क्रू-ड्रायव्हरकडे गेला आणि तसाच रिकामा परत आला. त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"बोल."

काकू वैतागल्या. "असं 'बोल' म्हटल्यावर कुणाला बोलता येतं का?"

"मग काय करू?"

"चालवा. येईल तसं येईल."

वळण गेलं, पूल गेला. मग काकू म्हणाल्या, "वन्संनी घर विकलं. लेकाकडे राहायला जाताहेत."

"कधी ठरलं?"

"झाला महिना."

"माझी सख्खी बहीण, आणि मला कुणी बोललं नाही?"

काकूंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. लिफ्टवाल्यांनी नजर रस्त्यावर वळवली. तेवढ्यात चढावर बॉनेटखालून टकटक असा आवाज यायला लागला. चांगला काकूंनाही ऐकू आला. लिफ्टवाल्यांची मान ताठ झाली. तळहात स्टिअरिंगवरून उचलला गेला, हवेत थोडा घुटमळला आणि गिअरवर जाऊन बसला.

"मग?" त्यांनी घसा साफ केला. "एवढ्या सामानाचं काय करणार ती?"

काकूंनी मोठ्या कपाटापासून सुरुवात केली. वन्संकडे सामान बरंच होतं.