शालूचा काढा

काढेसरांच्या घरी चहा मिळायचा, पण तो गोड लागेल याची खात्री नसायची. आलेल्या माणसाच्या तळहातावर ते आधी एक हिरवं पान ठेवत. "चावा. गिळू नका, नुसतं चावा." पाहुणा बिचारा चावायचा. मग सर त्याला चिमूटभर साखर देत आणि त्याच्याकडे टक लावून बघत बसत. साखर वाळूसारखी लागायची. त्यानंतरचा चहा म्हणजे शिक्षाच. ते पान बेडकीच्या वेलीचं, म्हणजे गुडमारचं. सरांना या खेळाचा कधी कंटाळा आला नाही.

अंधेरीच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवत, मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर होते आणि राहायलाही शेजारच्याच खोलीत होते. त्यांचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते दारावरच्या पाटीपुरतंच उरलं होतं. रविवारी बोरीवलीला उतरून ते कान्हेरीच्या जंगलात शिरायचे, पिशव्या भरून पाला आणायचे, आणि सोमवारी आमची प्रयोगशाळा उकळत्या पाल्याच्या वासाने भरून जायची. त्यातलं नेमकं कोणतं द्रव्य रक्तातली साखर उतरवतं ते शोधून वेगळं काढायचं, हा त्यांचा ध्यास. "झाड काही फुकट कडू होत नाही गं," म्हणायचे. मी नाकाला पदर लावून ऐकायची.

हा नाद हौसेचा नव्हता. त्यांची एकुलती एक शालू पंधराव्या वर्षी घडाघडा पाणी प्यायला लागली आणि बघता बघता वाळली. मधुमेह निघाला. इन्शुलिनची सुई रोज, जन्मभर. आई नव्हती, म्हणून सुई सरच टोचायचे. टोचून झाली की तेच डोळे मिटून उभे राहायचे आणि शालू त्यांची समजूत काढायची, "झालं बाबा. दुखलं नाही."

सुई सुरू झाली त्याच आठवड्यात सरांनी तिला पाल्याचा काढाही सुरू केला. रोज परीक्षानळीत निळं द्रावण घेऊन त्यात तिची लघवी तापवायची. साखर असली की निळ्याचं विटकरी व्हायचं. विटकरी होतं ते हळूहळू पिवळं झालं, पिवळ्याचं हिरवट झालं, आणि एका सकाळी सर नळी घेऊन माझ्या दारात उभे. "बघ! निळं! निळंच राहिलं!" सुईचं औषध कमी कमी करत नावापुरतं उरलं. मी अख्ख्या मजल्याला पेढे वाटले. मुलुंड-घाटकोपरपासून म्हातारेकोतारे काढ्यासाठी यायला लागले, आणि त्यांच्यापैकी काहींना खरोखरच गुण आला.

चार महिन्यांनी नळी पुन्हा विटकरी झाली. सरांनी काढा दुप्पट केला, तिप्पट केला. रंग हलेना. डॉक्टरांनी समजावलं, की पोरवयातला हा आजार सुई सुरू झाल्यावर कधीकधी थोडे दिवस आपणच मागे सरतो आणि मग परततो. म्हाताऱ्यांच्या अंगात थोडं तरी इन्शुलिन तयार होत असतं, त्याला पाल्याचा हातभार लागत असेल. हिच्या अंगात ते उरलंच नाही. सर विद्यार्थ्यासारखे ऐकत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "एका वेळी दोन गोष्टी बदलल्या गं मी. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही हे करू देत नाही."

सुई पूर्ववत झाली. काढा मात्र बंद झाला नाही. "तिला काही बोलू नकोस," सर मला म्हणाले. "विश्वासाने घेते ती. तेवढं तरी राहू दे." आणि पुढच्याच आठवड्यात गॅलरीत कपडे वाळत घालताना शालू हळूच म्हणाली, "ताई, काढ्याने माझं काही होत नाही, कळतं मला. नळी मी पण बघते ना! पण बाबांना सांगू नकोस हं. मी प्यायले नाही तर ते करतील काय?"

दोघांनाही मी हो म्हटलं. रोज सकाळी तो कडू पेला बापाच्या हातातून लेकीच्या हातात जायचा, आणि मी शहाणी, पदवीधर बाई, भिंतीसारखी उभी असायची. इतकं निरुपयोगी मला आयुष्यात कधी वाटलं नाही.

एकोणिसाव्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं. सुई वाढवली, इस्पितळात हलवलं. तीन दिवसांत शालू गेली.

दिवस झाल्यावर मुलुंडचे एक आजोबा रिकामी बाटली घेऊन आले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. "सर, साखर उतरली बघा! काढा तेवढा संपलाय." मी त्यांना दारातूनच परत पाठवणार होते. सरांनी उठून स्टोव्ह पेटवला.

"सर, आज राहू द्या ना."

"यांना लागू पडतो गं. यांना कसं नाही म्हणू?"

बाटली भरून घेऊन आजोबा गेले. सरांनी स्टोव्ह विझवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "शालूचा शेवटपर्यंत विश्वास होता. एकदासुद्धा नको म्हणाली नाही. हो ना गं?"

"हो, सर," मी म्हटलं.