उभ्या गाडीची डबल बेल

बॅटरीच्या दुकानात किस्से आपोआप साठतात. बॅटरी एकदा चार्जिंगला लावली की आठ-दहा तास जातात. तेवढ्यासाठी गावाला जाऊन परत कोण येणार? माणूस बाकावर बसतो, चहा मागवतो आणि बोलायला लागतो. मानोऱ्याला माझं दुकान आहे. ट्रॅक्टर, हार्वेस्टर, लग्नाचा डीजे, सगळ्यांची तक्रार एकच, "गाडी तं उभीच व्हती भाऊ, बॅटरी उतरली कशी?" उभी होती म्हणूनच उतरली, असं मी सांगतो. पटत कुणालाच नाही.

पण सगळ्यात जास्त किस्से एकट्या देवराव काकाजींचे.

काकाजी जवळच्याच इंझोरी गावचे. सारी नोकरी एसटीत, ड्रायव्हर म्हणून. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी मिनीबस घेतली. आतली बाकं काढून पलंग, शेगडी, छोटा फ्रिज, पंखा बसवला. इंझोरीत मोटारहोम! का, तर कमलकाकूंनी समुद्र पाहिलेला नव्हता. आयुष्यभर लोकांना फिरवलं आणि बायको मानोऱ्याच्या पुढे गेली नाही, याची काकाजींना मनापासून लाज वाटायची.

निघायच्या आठ दिवस आधी काकू घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि काकू ओसरीत खाटेवर, गाडी समोर अंगणात, अशा दोघी पडून राहिल्या.

*

"अधूनमधून गाडी चालू करत जा," मी काकाजींना सांगितलं होतं. त्यांनी ती रोज सकाळी पाच मिनिटं चालू केली. पंधरा दिवसांत बॅटरी बसली.

मी म्हणालो, "काकाजी, सेल्फ मारायला जेवढा करंट जातो, तेवढाही पाच मिनिटांत भरत नाई. कारंजापर्यंत पळवून आणा ना तिला!"

"कशी नेऊ? डबल बेल कुठी झाली?"

गाडीत त्यांनी जुन्या एसटीसारखी दोरीची घंटी लावली होती. एक टण म्हणजे थांबा, दोन टण म्हणजे सोडा. दोरी मागच्या सीटपाशी, आणि ती सीट काकूंची! काकू बसून घंटी वाजवत नाहीत तोवर गाडी अंगणाबाहेर जाणार नाही, हा नियम.

"मंग बॅटरीचा मायनस काढून ठेवत जा," मी म्हणालो. आमच्या धंद्यातलं सगळ्यात जुनं औषध. नट सैल केला, वायर बाजूला घेतली, झालं. कसं करायचं ते मी ओसरीसमोरच करून दाखवलं. काकाजी बघत होते. काकूही बघत होत्या.

*

इंजिनची बॅटरी वाचली, तर पंख्या-दिव्यांची दुसरी बॅटरी मेली. जाऊन बघतो तर गावातली लाइन गेलेली आणि शेजारचा गजानन गाडीत पंख्याखाली ऐसपैस झोपलेला! उशाशी गल्लीतले अकरा मोबाइल चार्जिंगला.

"काहून रे?"

"उभ्या गाडीतली लाइन फुकट जाऊन राह्यली व्हती ना भाऊ!"

*

मग टपावर सोलर पॅनेल बसवलं. चार्जिंग शून्य. तपासायला शिडी लावून वर चढलो. अख्ख्या पॅनेलवर कुरडया!

"काकू, हे काय?"

"गजाननच्या बायकोनं घातल्या, म्या सांगतल्या," खाटेवरून उत्तर आलं. "कोंबड्या तेथवर जात नाईत. आन समुद्रावर जाताना वाटेत खायले नाई लागत काय?"

शेवटी मी एक छोटा चार्जर आणून घरातल्या एक्स्टेन्शन बोर्डाला जोडला आणि काकाजींना म्हणालो, "हा दोन्ही बॅटऱ्यांले लावा आन विसरून जा. आता मायनस काढाचं बी काम नाई."

*

काकाजींच्या पुण्यातल्या मुलाला हे सगळं पसंत नव्हतं. "आई आता काही प्रवासाला जात नाही, विकून टाका," असं म्हणून त्यानं अकोल्याचं एक गिऱ्हाईक पाठवलं. काकाजींनी मान डोलावली. दुसरं काय करणार? त्या वेळी डॉक्टर काकूंना वॉकर घेऊन दहा पावलं चालायला सांगत होते आणि काकू चौथ्या पावलाला रडत होत्या.

गिऱ्हाईक आलं आणि गाडी चालूच होईना. काकाजींनी मला बोलावून घेतलं. एसटीत कधी त्यांनी बॉनेट उघडलं नव्हतं, ते काम मेकॅनिकचं. मी बॅटरीचं झाकण उघडलं. मायनस काढलेला. नट नीट बाजूला ठेवलेला.

"तुमी काढला काय?"

"नाई बा."

ओसरीत काकू खाटेवर बसल्या होत्या. पदराखालून दहा नंबरचा पाना डोकावत होता. ओसरीपासून गाडीपर्यंतच्या मातीत वॉकरच्या चार पायांचे ठसे होते, जातानाचे आणि येतानाचे. जाऊन-येऊन साठ पावलं तरी असतील.

"लई मोठा फॉल्ट हाये," मी गिऱ्हाइकाला सांगितलं. धंद्यातलं माझं पहिलं खोटं. काकाजी बराच वेळ ते ठसे बघत राहिले. मग म्हणाले, "गाडी विकाची नाई." आणि तोंड धुवायला नळावर गेले.

*

दिवाळी झाल्यावर एका सकाळी काकाजींचा फोन आला, "निघून राह्यलो. येऊन चेक करून दे."

मी गेलो. पाणी, व्होल्टेज, टायर, सगळं पाहिलं. काकाजींनी आणि गजाननानं दोन बाजूंनी धरून काकूंना पायऱ्या चढवल्या. कुरडयांचा डबा आत गेला, वॉकर गेला. गल्ली जमली. पहिल्याच सेल्फला इंजिन लागलं.

टण टण.

गाडी हलली. माझा चार्जर घराला तसाच जोडलेला! वायर ताणली गेली, खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड उडी मारून बाहेर आला आणि त्याला लागलेला गजाननचा मोबाइलही. मी धावलो, "काकाजी, थांबा! वायर! वायर!" माझ्यामागे गजानन अनवाणी, "मोबाइल! माया मोबाइल!"

एसटीच्या ड्रायव्हरला मागच्या आरडाओरड्याचं काय! त्यांचा कान फक्त घंटीवर.

मागच्या काचेतून काकूंनी वळून पाहिलं. वायर पाहिली. रस्त्यावर उड्या मारणारा बोर्ड पाहिला. पळणारे आम्ही दोघं पाहिले. त्यांचा हात वर दोरीकडे गेला.

टण टण.