अप्पांची अर्धी गोष्ट

घोळ अप्पांच्या धाकट्या मुलाने घातला. त्या घरातले बहुतेक घोळ तोच घालायचा, त्यामुळे सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही.

वहिनी म्हणत होती, पोरगी चौथ्या वर्षात आली, आता बालवाडीत घालू. धाकटा ताटावरून मान वर न करता म्हणाला, "बालवाडी काय शिकवणार हिला? अप्पांच्या दुकानात बसून सगळं शिकलीय. किल्ल्या मोजते, पितळ कुठलं नि लोखंड कुठलं ते सांगते. उलट बाईंनाच इथे आणून बसवा."

"भाऊजी, तुम्ही पण घरीच शिकलात वाटतं?"

"म्हणून तर अक्कल शाबूत राहिली."

आणि आपलंच खरं करायला तो दुसऱ्या दिवशी पोरीला आणि अप्पांना घेऊन बालवाडीत गेला.

अप्पा कुलूपवाले. घराची पुढची खोली हेच दुकान. नात पाळण्यात असतानाच त्यांना झटका आला आणि उजवा हात गेला, तोंडाची उजवी बाजूही लुळी पडली. डावा हात कसाबसा कानस चालवायला शिकला; जीभ काही शिकली नाही. डोक्यात शब्द अगदी जागच्या जागी, पण बाहेर पडेपर्यंत त्यांच्या कडा झिजून जायच्या. गिऱ्हाइकं न कळता "हो हो" करायची. पोटची पोरं दोनदा विचारायची आणि तिसऱ्यांदा "बरं बरं" म्हणून सुटायची.

कळायचं ते फक्त नातीला. आईबाप कामावर गेले की ती दुकानात पालथ्या खोक्यावर बसायची. बोलायला शिकली तीच अप्पांच्या पायाशी, त्यामुळे तिच्या लेखी बोलणं म्हणजे हेच. अप्पांनी काही म्हटलं की ती गिऱ्हाइकाला सांगायची. तिचं बोलणंही तसंच, पण लहान पोराचं बोबडं ऐकायला लोक कौतुकाने वाकतात, म्हाताऱ्यासाठी कोण वाकतो? धाकट्याने तिचं नाव वकीलबाई ठेवलं होतं. "काय वकीलबाई, आमच्या अशिलाचं म्हणणं काय?" असं विचारत तो दुकानात शिरायचा.

दुपारी गिऱ्हाईक थांबलं की अप्पा तिला गोष्ट सांगायचे. कुणालाच न उघडणाऱ्या एका कुलपाची. रोज थोडी थोडी.

बालवाडीच्या बाईंनी पोरीसमोर चित्र धरलं. "हे काय गं?"

पोरीने तोंडाचा डावा कोपरा ओढला, उजवा तसाच लोंबता ठेवला आणि उत्तर दिलं.

"मांजर म्हणाली," धाकटा ऐटीत म्हणाला. "बरोबर आहे ना?"

बाईंनी पोरीकडे पाहिलं, मग भिंतीशी बसलेल्या अप्पांकडे, मग पुन्हा पोरीकडे. दुसरं चित्र दाखवलं. पुन्हा तोच ओढलेला कोपरा. त्यांनी आवाज खाली आणला. "आजोबांना झटका येऊन गेलाय का?"

"हो," धाकटाही हळूच म्हणाला.

"हुशार आहे हो पोरगी," बाई म्हणाल्या. "पण दिवसभर एकच बोलणं कानावर पडतं ना. चार मुलांत आली की सुटेल जीभ."

घरी येताना पोरीने अप्पांचं बोट ओढलं. कुलपाचं पुढे काय झालं?

"घरी गेल्यावर सांगतो," अप्पा त्यांच्या परीने म्हणाले.

घरी एक गिऱ्हाईक थांबलं होतं. झिजलेली किल्ली पुढे करून म्हणालं, हिच्यासारखीच दुसरी काढून द्या. अप्पांनी ती हातात घेतली आणि झिजलेल्या दातांवरून अंगठा फिरवला. दोन्ही पोरांना त्यांनी यावरूनच टपल्या मारल्या होत्या: झिजल्या किल्लीवरून किल्ली काढू नये, दिसायला नवी दिसते, खोट मात्र तीच घेऊन येते. त्यांनी मान हलवली आणि कुलूपच घेऊन ये अशी खूण केली. नेहमीसारखं पोरीच्या तोंडून सांगितलं नाही.

त्या दिवसापासून तिच्यासमोर अप्पांनी तोंड उघडलं नाही.

"अप्पा, बोला हो तिच्याशी," वहिनीने विनवलं. "गप्प बसा असं बाई नव्हत्या म्हणाल्या."

अप्पांनी हात हलवला. धंद्यातलं त्यांना कुणी शिकवायचं नव्हतं.

पोरगी बालवाडीत जाऊ लागली आणि तिची जीभ सुटली. दिवाळं निघालं ते धाकट्याचं. वकिली त्याच्याकडे आली आणि तो एकेक खटला हरत सुटला. ती बालवाडीत गेल्यावर अप्पांनी कानस मागितली की पाणी आणायचा, पाणी मागितलं की दार लावायचा. "अप्पा, एकदा मला कळतील अशा शिव्या तरी घाला," तो एकदा म्हणाला, आणि मग पाठ करून उगाचच खिळे निवडत बसला.

एका दुपारी पोरगी बालवाडीतून आली, दप्तर टाकून खोक्यावर बसली. तोंड सरळ, शब्द अख्खे.

"अप्पा, त्या कुलपाचं पुढे काय झालं? घरी गेल्यावर सांगतो म्हणाला होतास."

गोष्टीचा शेवट अप्पांच्या डोक्यात तयार होता, शब्दाला शब्द लागून. ओठांचा डावा कोपरा हललासुद्धा. मग त्यांनी किल्ली शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळली आणि कानस उचलली.

पोरीने वाट पाहिली. लोखंडाचा कीस तिच्या चपलेवर पडत होता.

"बरं, उद्या सांग," ती म्हणाली.

अप्पांनी मान डोलावली. उद्याही ती विचारणार होती.